भट्टीचा कोट कळसूबाईवर

सहादू थेटेच्या घरात सुताशिवाय काही चालत नसे. पडदे सुती, चादरी सुती, मालनवहिनींच्या साड्या सुती. वहिनींचा भाऊ खंडेराव याने एका भाऊबीजेला निळी नायलॉनची साडी आणली होती. ती पेटीत गेली आणि तिथेच राहिली. मच्छरदाणीसुद्धा सहादूने हिंडून हिंडून सुती शोधली. इतक्या दाट विणीची, की आत वाराही शिरत नसे. आमचा मित्र जयराम म्हणायचा, "सहादूच्या मच्छरदाणीत डास जात नाय. त्यालाबी श्वास घ्यायचा असतो."

सहादू हसायचा. नियम मोडायचा नाही.

मी आणि सहादू अंबडच्या एका फोर्जिंग कारखान्यात एकाच शॉपमध्ये होतो. मी साचे बसवायचो. तो भट्टीवर. लोखंडाचा ठोकळा पिवळाधमक होईपर्यंत तापवायचा, लांब चिमट्याने बाहेर ओढायचा आणि हॅमरखाली द्यायचा. हॅमर पडला की तापल्या लोखंडावरची पापुद्री फुटून चारी बाजूंना उडते. ती मानेवर बसते, मनगटावर बसते, बुटात जाते. म्हणून भट्टीवाल्याचे कपडे ठरलेले. आत बनियन, वर पूर्ण बाह्यांचा सुती सदरा, त्यावर जाड सुती कोट, त्यावर चामड्याचा एप्रन. उन्हाळ्यातही तेवढेच. नवख्याला वाटतं, एवढ्या उष्णतेत एवढे कपडे कशाला. पण आच बाहेरून येते. थर वाढवले की ती उशिरा आत पोचते. कपडा घामाने भिजला तर भट्टीवाला खूश, कारण ओला कपडा पटकन पेटत नाही. सहादू तर पाळीच्या सुरुवातीलाच गळ्यातला टॉवेल पाण्यात बुडवून घ्यायचा.

त्याची सगळी नोकरी अशी गेली. कपड्याबद्दल त्याला जे कळलं ते आगीसमोर कळलं.

पुंजा बोराडे शॉपमध्ये नवा आला तेव्हा त्याचं नुकतंच लग्न झालं होतं. पावसाळ्याचे दिवस होते. एका सकाळी गणवेश वाळला नाही, म्हणून तो लग्नातला चकचकीत नायलॉनचा सदरा घालून आला आणि वरून कोट चढवला. जेवणाच्या सुट्टीत कोट खुंटीला टांगला. सुट्टीनंतर तसाच हॅमरजवळ गेला. पापुद्री पाठीवर बसली. सुती कापडाला अशा वेळी भोक पडतं, कडा धुमसते, हाताने मारली की विझते. हे कापड वितळलं. सहादू सर्वांत जवळ होता. त्याने दोन्ही हातांनी सदरा ओढून काढला. सदरा निघाला, पण एकटा निघाला नाही.

पुंजा बरा झाला. पाठीवर भाकरीएवढा डाग राहिला. तो कामावर परत आला आणि अजून नोकरीत आहे. सहादूने मात्र त्या संध्याकाळी घरातल्या प्रत्येक कपड्याचा एकेक धागा ओढला आणि त्याला काडी लावून पाहिली. धाग्याची राख झाली तर कपडा घरात. धागा वितळून मणी झाला तर कपडा बाहेर. पुढे कापडाच्या दुकानातही तो धागा मागायचा. एका दुकानदाराने त्याला दुकानात काडी ओढू दिली नाही. त्या दुकानाची पायरी तो पुन्हा चढला नाही.

निवृत्त होताना कारखान्याने त्याला भिंतीवरचं घड्याळ दिलं. सहादूने कोट मागून घेतला.

त्यानंतर तो बिघडला. दारू नाही, भांडण नाही. इंदिरानगरच्या बोगद्याजवळ त्याचं दोन खोल्यांचं घर आहे. तिथे गॅलरीत खुर्ची टाकून समोरच्या इमारतीच्या भिंतीकडे बघत बसायचा. बोलायला गेलं की हुं. जेवायला वाढलं की अर्धं ताट. एक दिवस मालनवहिनी माझ्या घरी आल्या. दारातूनच म्हणाल्या, "भाऊजी, ह्यांना कामाला लावा. काम नसंल तर ओझं द्या. पण उचलायला कायतरी द्या."

ओझं म्हणून मी डोंगर दिला.

पहिल्या दिवशी पांडवलेणीच्या पायऱ्या. अर्ध्यावर दम लागून थांबला आणि स्वतःवर चिडला. पुढच्या सुट्टीला मी बोलावलं नाही, तरी बूट घालून माझ्या दारात उभा. मग रामशेज, मग चामरलेणी, मग परत रामशेज. जयरामची जुनी ओम्नी होती. पुंजाला साप्ताहिक सुट्टी असे. असे आम्ही चौघे. वर्षभरात सहादू माणसात आला. पूर्ण जेवू लागला. वहिनींशी भाजीच्या मिठावरून भांडू लागला. वहिनी मला म्हणाल्या, "भांडतात म्हंजी बरे हाय."

तो डोंगर चढायचा मात्र पाळी केल्यासारखा. मधे थांबायचं नाही, पाणी घोटभर, वर पोचल्यावर बसायचं. अंगातून घाम निथळला नाही तर त्याला चढल्यासारखं वाटत नसे. एप्रिलमध्ये रामशेजवर हे जमून जाई. तिथे सावली नाही आणि ऊन पाठीवर. सुती सदरा भिजायचा, वारा लागला की अंग गार व्हायचं. आम्ही बाकीचे तळमळायचो आणि सहादू ओल्या सदऱ्यात मजेत असायचा. उन्हाळ्यात तो बरोबर होता, हे मी मान्य करतो.

श्रावणात अंजनेरीला गेलो आणि गणित चुकलं. वरच्या पठारावर धुकं, बारीक पाऊस आणि वारा. आमच्या अंगात पावसाळी जॅकेटं होती. सहादूकडे छत्री होती. अंजनेरीच्या पठारावर छत्री किती वेळ टिकते ते गेलेल्यालाच माहीत. सदरा भिजला, बनियन भिजलं, पँट मांड्यांना चिकटली. खाली उतरेपर्यंत त्याची नखं निळी पडली होती. घरी पोचला तेव्हा दातावर दात वाजत होते. ताप आला, छातीत उतरला, बरेच दिवस अंथरूण सुटलं नाही. डॉक्टर म्हणाले, भट्टीच्या धुरात गेलेली छाती आहे, हिला गारठा सोसायचा नाही.

तो उठून बसू लागला तेव्हा आम्ही तिघे भेटायला गेलो. मालनवहिनींनी चहा दिला आणि त्याचे बूट आणून आमच्या पुढ्यात ठेवले.

"भाऊजी, तुम्ही साक्षीला हाय. आणखी एकदा हे असे गार पडून घरी आले, तर हे बूट भंगारवाल्याला. मंग डोंगर नाय, पांडवलेणी नाय, काय नाय. गॅलरीत बसा."

जयराम म्हणाला, "वहिनी, भंगारवाला बुटाचे काय देणार?"

"तुमाला बी घेऊन जा म्हणीन त्याला."

सहादूने गॅलरीतल्या खुर्चीकडे पाहिलं. ती खुर्ची आम्हा सगळ्यांना ठाऊक होती. डोंगर बंद झाला तर तो पुन्हा त्या खुर्चीत जाणार आणि या वेळी उठणार नाही, हे वहिनींनाही कळत होतं. पण नवरा तापात फणफणताना त्यांनी पाहिला होता. त्यांचंही चूक नव्हतं.

जानेवारीत कळसूबाईला जायचं ठरलं. त्या आठवड्यात थंडी कडक होती. निफाडकडे द्राक्षबागांमध्ये शेकोट्या पेटत होत्या. पुंजा आधी सहादूकडे गेला आणि त्याने सांगून पाहिलं. अंगाला लागून घाम न धरणारं पातळ कापड. त्यावर ऊब धरणारं. त्यावर वारा अडवणारं. चढताना वरचे दोन काढून पिशवीत टाकायचे, थांबलं की लगेच चढवायचे.

"घाम न धरणारं म्हंजी कोणतं?" सहादूने विचारलं.

"पॉलिस्टर."

"चहा पिऊन घे, गार होतोय," सहादू म्हणाला.

त्याने त्याची तयारी केली होती. थंडी जास्त, म्हणून थर जास्त. बनियन, त्यावर पूर्ण बाह्यांचा सुती सदरा, त्यावर भट्टीचा कोट. उजेड फुटताना जयरामची ओम्नी त्याच्या दारात थांबली तेव्हा तो त्याच वेषात उभा होता. फक्त एप्रन नव्हता. वहिनी दारात होत्या. त्यांनी कोटाचं वरचं बटण लावलं आणि म्हणाल्या, "आता गार नाय पडणार." कोट जाड होता. त्यांना दिसलं ते खरं वाटलं. मलाही थोडं वाटलं.

बारी गावात गाडी लावली. हवा बोचत होती. पुंजाने देवळाली कॅम्पच्या बाजारातून घेतलेलं जॅकेट अंगातून काढलं, घडी करून पिशवीत टाकलं. आत फक्त पातळ टी-शर्ट राहिला. तो कुडकुडत उड्या मारू लागला.

सहादू म्हणाला, "काढून पाठीवरच घ्यायचं होतं तर आणलं कशाला?"

"वर लागंल."

"वर लागंल म्हणून खाली मरतो का?"

"सहादूभाऊ, चढायला लागताना थंडी वाजली पाहिजे. चार पावलं चाललं की जाती. तू आत्ताच गरम हाय, मंग चढाला काय होणार?"

"चढाला घाम येणार. त्यासाठीच चढतात."

जयराम मधे पडला. "दोघंबी बरोबर. आता चला, नाय तर मी गाडीत झोपतो."

सहादू पुढे निघाला. शेतांच्या बांधावरून, मग झाडीतून, मग पहिल्या लोखंडी शिडीवर. कोटाची बटणं लावलेली. मी मागून बघत होतो. पहिल्या टप्प्यावर त्याच्या मानेवर घाम होता. दुसऱ्या शिडीला कोटाच्या पाठीवर काळसर डाग उमटला. जाड कोट आतून भिजून डाग बाहेर यायचा म्हणजे आत काय असेल, ते कळत होतं. मी हाक मारली, "कोट काढ." त्याने मागे न बघता हात हलवला. भट्टीवर असताना पाळी संपायच्या आत कोट काढणाऱ्याला तो कामचुकार म्हणायचा.

खरं सांगायचं तर चढत होता सुरेख. पाऊल नेमकं, दम एका लयीत. त्या वयात तसं चढणं सोपं नाही. कष्टात कसूर नव्हती. पण कपडा बघून कष्ट करावे लागतात, आणि कष्ट बघून कपडा. तेवढं त्याच्या भट्टीने शिकवलं नव्हतं.

आम्ही मागे पडलो. माथ्याच्या थोडं खाली एक विहीर आहे, तिथे जरा सपाटी आहे. गावातली माणसं तिथे चहा-भज्यांची पालं लावतात. त्या सकाळी एकच पाल उघडं होतं. सहादू आमच्या पुष्कळ आधी तिथे पोचला. पालात गेला नाही. आम्ही येताना दिसावं म्हणून उघड्या कातळावर बसला. आम्ही मागे पडलो हे आम्हाला कळावं, हाही हिशेब असणार. वारा सपाटीवरून सरळ येत होता. ढग खाली आला होता, ऊन नव्हतं.

आम्ही पोचलो तेव्हा तो हसला नाही. टोमणा मारला नाही. तिथेच मला शंका आली.

जयराम म्हणाला, "काय मालक, लय येळ झाला का वाट बघून?"

सहादू म्हणाला, "बटण."

"काय?"

"बटण... लागना."

कोटाचं वरचं बटण सुटलं होतं. तो ते लावायचा प्रयत्न करत होता आणि बोटं काजापर्यंत जात नव्हती. त्याच बोटांनी त्याने तीस वर्षं लाल लोखंड धरलेला चिमटा हलू दिला नव्हता. मी कोटाला हात लावला. ओल्या पोत्यासारखा गार होता. आत हात घातला तर सदरा आणि बनियन एक झालं होतं. अंग थडथडत होतं आणि ओठ पांढरे पडले होते.

जयराम विनोद सोडून दुसऱ्या बाजूला आला.

दोघांनी धरून त्याला पालात आणलं. पालवाली सुलाबाई बारीचीच होती. तिने एक नजर टाकली आणि भज्यांची कढई चुलीवरून उतरवली. "बसवा इथं जाळापुढं. पर आधी वलं काढा बाबांचं. वल्या अंगाला शेक लागत न्हाय."

सहादूच्या हातांनी काही होत नव्हतं. पुंजा त्याच्यासमोर गुडघे टेकून बसला. कोट काढला. सदऱ्याची बटणं सोडली. सदरा काढला. बनियन कातडीला चिकटलं होतं. पुंजाने ते खालून धरलं आणि वर ओढायला लागला. सहादूने डोळे मिटले.

"हळू," तो म्हणाला.

पुंजा थांबला नाही. बनियन डोक्यावरून काढून टाकलं. मग म्हणाला, "तवा मीबी 'हळू'च म्हणलो होतो. तू ऐकलं नाय."

सहादूने डोळे उघडले.

"बरं केलं," पुंजा म्हणाला. "ऐकत बसला असता तर आज मी नसतो. हात वर कर."

इतकी वर्षं ते एका शॉपमध्ये होते, डबा शेजारी बसून खाल्ला होता. त्या दिवसाबद्दल दोघे कधी बोलले होते असं मला आठवत नाही.

पुंजाने स्वतःच्या पिशवीतून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला कोरडा टी-शर्ट काढला. लाल, गुळगुळीत. सहादूने बोटांनी कापड ओळखलं. अंगठा आणि तर्जनी, त्याची जुनी सवय. त्याने मान हलवली.

"नाय."

"सहादूभाऊ..."

"जाळ हाय." त्याने चुलीकडे बघितलं. लाकूड ओलसर होतं, ठिणग्या तडतडत होत्या. "जाळ तरी, न्हाय तर हे तरी. दोन्ही नाय."

"पाठ माझी भाजली आणि असले कपडे तू सोडले," पुंजा म्हणाला. "मी घालतो ना? रोज घालतो."

"भट्टीवर घालतो का?"

भट्टीवर पुंजा सुतीच घालायचा. सहादूनेच लावलेली सवय.

मी म्हणालो, "मग चुलीपासून लांब बस. आधी हा घाल." त्याला ते पटलं. पालाच्या दुसऱ्या टोकाला, जिथे ठिणगी पोचणार नाही तिथे, आम्ही त्याला लाल टी-शर्ट घातला आणि वर पुंजाचं जॅकेट. पण तिथे फटीतून वारा येत होता. थरथर कमी होईना. सुलाबाईने गुळाचा चहा दिला. पेला मी धरला. त्याला घोट घेता येत होता, एवढं बरं होतं. पण नुसत्या चहाने भागणार नव्हतं. मला वहिनींचा चेहरा दिसू लागला. बूट दिसू लागले. खुर्ची दिसू लागली.

सुलाबाई वैतागली. "जाळ इथं आन् मानूस तिथं! ह्ये काय सोवळं हाय का?"

जयरामने तिला समजावलं. कापड, ठिणगी, वितळणं. तिने ऐकून घेतलं. मग मागच्या वळकटीतून काळी घोंगडी ओढून आणली आणि सहादूच्या पुढ्यात टाकली. "ह्ये पांघरून बसा जाळापुढं. माझ्या बापाची हाय. पावसात गुरं राखली हिच्यात, शेकोटीपाशी झोपला हिच्यात."

सहादूने घोंगडीचं टोक हातात घेतलं. चोळलं. मग त्याने काय करावं? कडेचा एक धागा ओढून तोडला आणि मला म्हणाला, "चुलीला... लाव."

"अरे, मरायला लागला तरी कापड तपासतो," जयराम म्हणाला.

मी धागा चुलीशी नेला. तो आखडला, जळक्या केसांचा वास आला आणि विझला. चिमटीत घेतलं तर काळा भुगा झाला. मी नेऊन सहादूच्या तळहातावर ठेवला. त्याने बोट फिरवून पाहिलं.

"लोकर," तो म्हणाला. "लोकर वितळत नाय. चालंल."

मग तो उठला. आम्ही त्याला चुलीपुढे बसवला. अंगाला लागून पुंजाचा टी-शर्ट, त्यावर जॅकेट, त्यावर घोंगडी गळ्यापासून पायापर्यंत. एक ठिणगी उडून घोंगडीवर बसली. आम्ही चौघांनी तिच्याकडे पाहिलं. ती तिथेच काळी पडून विझली. सहादूने फुंकर मारून उडवली आणि पाय जाळाकडे सरकवले.

थरथर आधी खांद्यातून गेली, मग हनुवटीतून. दुसरा चहा त्याने स्वतःच्या हाताने घेतला. ओठांवर रंग आला. तिसऱ्या चहाला तो म्हणाला, "साखर कमी हाय."

"साखर न्हाय, गूळ हाय त्यो," सुलाबाई म्हणाली.

"मंग गूळ कमी हाय."

जयराम मोठ्याने हसला. मी बाहेर येऊन उभा राहिलो. वहिनी म्हणाल्या होत्या ते मला पटलं. भांडतो म्हणजे बरा आहे.

बाहेर ढग सरकला आणि ऊन पडलं. खाली भंडारदऱ्याचं पाणी चमकायला लागलं. सहादू पालाच्या तोंडाशी आला. घोंगडी त्याने घडी करून सुलाबाईला परत दिली होती.

"माथा राहिला," तो म्हणाला.

मी म्हणालो, "माझ्या चालीने येणार असशील तर." आणि अट घातली. घाम फुटला तर तिथूनच परत. तो पुंजाकडे वळला. "जॅकेट अंगात ठिवू का काढू?" हा प्रश्न त्याने पुंजाला विचारला, त्याहून मोठी गोष्ट त्या डोंगरावर त्या दिवशी घडली नाही.

"चढाला काढ. वर पोचल्यावर, बसायच्या आधी घाल. आधी, समजलं का? गार वाटल्यावर नाय."

शेवटची शिडी तो हळूहळू चढला. दोनदा थांबला, माझ्याकडे बघून. माथ्यावर देवीच्या लहानशा देवळापाशी पोचल्यावर बसण्याआधी जॅकेट घातलं, चेन गळ्यापर्यंत ओढली. मग नमस्कार केला. मी त्याच्या पाठीत हात घालून पाहिला. टी-शर्ट जवळजवळ कोरडा होता.

"काय बघतो?"

"वहिनी बघतील ते."

उतरताना पालात थांबलो. सुलाबाईने सहादूचा कोट चुलीशेजारी दोरीवर पसरला होता. अर्धा वाळला होता. सहादूने तो काढून हातावर घेतला आणि सुलाबाईकडे बघत राहिला. ती चुलीसमोर वाकून लाकडं आत सारत होती. तिच्या अंगावर जाळीदार गुळगुळीत साडी होती, पदर चुलीपासून वीतभर.

"बाई," तो म्हणाला, "ही साडी कशाची?"

"कशाची म्हंजी? बाजारातली."

"पदर खोच आधी. आन् हा कोट ठिव. चुलीपुढं बसताना वरून घालत जा."

सुलाबाई हसायला लागली. "मला कोट? मी काय साहेब हाय? गाव हसंल."

"हसू दे. भट्टीचा कोट हाय. पापुद्री याच्यातनं आत जात नाय, तुझ्या ठिणगीचं काय?"

"आन् तुमी?"

"मला डोंगराला हा चालत नाय," सहादू म्हणाला. "आजच कळलं."

तिने तिथल्या तिथे घालून पाहिला. बाह्या तिच्या बोटांच्या पुढे आल्या. तिने त्या दुमडल्या, पदर आत दाबला आणि तशीच भजी सोडायला बसली. कोट पुन्हा आगीसमोर होता. चार भजी तिने आम्हाला जास्तीची दिली.

घरी पोचलो तेव्हा ऊन कलत आलं होतं. मालनवहिनी दारातच. त्यांनी नवऱ्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. लाल टी-शर्ट, पुंजाचं जॅकेट.

"कोट कुठं?"

"दिला."

"कोणाला दिला? आणि हे कोणाचं?"

सहादूने पुंजाकडे बोट केलं. वहिनींनी त्याचं मनगट धरलं. मग कपाळाला हात लावला, मग जॅकेटच्या मागून आत हात घालून पाठ चाचपली. आम्ही तिघे रांगेत उभे होतो, तपासणीला उभे राहतात तसे.

"कोरडी हाय," त्या म्हणाल्या. जरा थांबून म्हणाल्या, "गरम हाय."

मी त्यांना सगळं सांगितलं. लपवलं असतं तर पुढच्या वेळी माझ्यावर भरवसा ठेवला नसता. बटणाचं ऐकताना त्यांनी पदर तोंडाला लावला. घोंगडीचा धागा जाळला हे ऐकलं तेव्हा म्हणाल्या, "हे तर करणारच." शेवटी त्यांनी दारातले बूट उचलले. आम्ही बघत राहिलो. त्या गॅलरीत गेल्या, बूट आपटून माती झाडली आणि उन्हाचा तुकडा उरला होता तिथे, खुर्चीवर, वाळत ठेवले.

पुढच्या सुट्टीला सहादूने पुंजाबरोबर देवळाली कॅम्पला जाऊन स्वतःचा टी-शर्ट आणि एक लोकरीची जर्सी घेतली. दुकानात त्याने धागा मागितलाच. पण वितळला तरी टी-शर्ट घेतला. आता घरी त्या टी-शर्टची जागा ठरलेली आहे. स्वयंपाकघरापासून लांब, बुटांच्या वरच्या खुंटीला. डोंगरावर आम्ही चहासाठी चूल पेटवली की सहादू उठून वारा येतो त्या बाजूला जाऊन बसतो आणि तिथून सूचना देतो. चहा त्याला नेऊन द्यावा लागतो. आम्ही नेऊन देतो.

मी परवा त्याच्याकडे गेलो तेव्हा मालनवहिनी बाजाराला निघाल्या होत्या. अंगावर निळी साडी. पेटीतल्या घड्यांच्या रेघा तशाच होत्या. रंग अजिबात उतरला नव्हता.

सहादूने त्यांच्याकडे पाहिलं. मग स्वयंपाकघरात गेला, शेगडीचं बटण पाहिलं, सिलिंडरचं बटण पाहिलं आणि बाहेर आला.

"बंद हाय," तो म्हणाला. "जा."

"बंद केल्यावरच नेसले," वहिनी म्हणाल्या आणि पिशवी घेऊन जिना उतरल्या.